विद्यापीठातली नोकरी आणि पुढची कादंबरी

भालचंद्र नेमाडे औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई अशा ठिकाणी शिकवत राहिले आणि कादंबऱ्या लिहीत राहिले. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. मराठी लेखकाने प्राध्यापकी करणं आपल्याला नवं नाही. पण या मंडळींनी वर्गात शिकवलं ते साहित्य, भाषाशास्त्र नाहीतर अर्थशास्त्र. कथा कशी लिहायची हे शिकवण्याचा पगार त्यांना कोणी दिला नाही. अमेरिकेत तो पगार मिळतो, आणि त्याच्या आधारावर कादंबरीकाराला आख्खी कारकीर्द काढता येते. एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, सर्जनशील लेखनातली पदव्युत्तर पदवी) करून पुढे शिकवायचा विचार करणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी या कारकिर्दीचा हिशेब इथे मांडायचा आहे. शिकवण्याने प्रतिभा मरते की फुलते, या वादात मला फारसा रस नाही. पुढची कादंबरी होणार की नाही हे बहुतेक वेळा वेळापत्रक ठरवतं, आणि ते नीट वाचायला शिकता येतं.

थोडा इतिहास आधी. आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्येच पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाच्या जागी सर्जनशील लेखन स्वीकारायला सुरुवात केली. तिथलं रायटर्स वर्कशॉप १९३६ सालचं. पॉल एंगल यांनी १९४१ पासून जवळजवळ पाव शतक ते चालवलं. महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करत होतं, त्यामुळे वर्ग भरले. अमेरिकी कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर १९४७ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. इंग्लंडमध्ये हे बरंच उशिरा आलं. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोन कादंबरीकारांनी १९७० मध्ये एमएचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिला विद्यार्थी होता इयान मॅकइवन. काझुओ इशिगुरो दहाएक वर्षांनी त्याच वर्गातून गेले.

आयोवाचं नाव मराठीत निघतं ते दिलीप चित्र्यांमुळे. ते १९७५ मध्ये तिथे गेले, पण इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये. तो १९६७ मध्ये एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी सुरू केलेला वेगळा उपक्रम आहे. तिथे जगभरचे लिहिते लेखक काही काळ राहायला बोलावतात, पदवी देत नाहीत. अर्ज करताना या दोन्हींची गल्लत करू नका. एक शिक्षण आहे, दुसरा निवास.

आता नोकरी. एमएफए दोन किंवा तीन वर्षांची असते आणि अमेरिकेत या विषयातली ती शेवटची पदवी मानली जाते, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठी पीएचडीची सक्ती नसते. भारतात परत येऊन कायम नोकरी हवी असेल तर मात्र नेट, सेट किंवा पीएचडीचा प्रश्न उभा राहतोच, तो आधीच लक्षात घ्यावा. चांगल्या अभ्यासक्रमांत शुल्क माफ होतं आणि विद्यावेतन मिळतं, त्याबदल्यात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निबंधलेखन शिकवावं लागतं. सेमिस्टरला एक किंवा दोन तुकड्या, तुकडीत साधारण वीस मुलं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि त्यात हे शिकवणंही आलं, त्यामुळे विद्यावेतन कमी पडलं तर कॅम्पसवर आणखी एखादी नोकरी धरून भरून काढू म्हणाल तर ते जमणार नाही. विद्यावेतनातून त्या गावातलं घरभाडं निघतं का, हे प्रवेश स्वीकारण्यापूर्वीच पाहावं. कर्ज काढून एमएफए करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या पदवीनंतर कर्ज फेडण्याइतका पगार लगेच मिळेल याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

पदवीनंतर बहुतेकांच्या वाट्याला आधी येतं ते ॲडजंक्टचं काम, आपल्याकडच्या तासिका तत्त्वासारखं. एका कोर्सचे अनेक ठिकाणी तीन ते पाच हजार डॉलर. आरोग्यविमा बहुधा नाही आणि पुढच्या सेमिस्टरची खात्री नाही. तीन कॉलेजांत मिळून पाच कोर्स घेणारा माणूस कादंबरी लिहू शकत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल, काही जणांनी ती लिहिली आहे. पण त्याचे दिवस गाडी चालवण्यात आणि निबंध तपासण्यात जातात. दोन वर्षांत कायम जागा मिळाली नाही तर विद्यापीठाबाहेरची, ठरावीक वेळेत संपणारी नोकरी लेखनाला जास्त मानवते.

कायम जागेच्या जाहिराती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. अर्जात दोन पानी पत्र, बायोडेटा, अध्यापनाविषयी एक-दोन पानांचं निवेदन, वीस-पंचवीस पानांचा लेखनाचा नमुना आणि तीन शिफारसपत्रं लागतात. पहिली मुलाखत हिवाळ्यात, हल्ली बहुतेक व्हिडिओवर. मग जानेवारी ते मार्चमध्ये निवडक तिघा-चौघांना दोन दिवस कॅम्पसवर बोलावतात. तिथे जाहीर वाचन करायचं, एक नमुना वर्ग घ्यायचा, डीनला भेटायचं आणि जेवतानाही तोलूनमापून बोलायचं. एकही पुस्तक प्रकाशित नसेल तर सहसा इथवर पोहोचता येत नाही. नमुना वर्गात उमेदवार सगळ्यात जास्त चुकतात ते स्वतःच्या लेखनाविषयी बोलत राहून. समितीला पाहायचं असतं की समोरच्या मुलाच्या अर्ध्या-कच्च्या पानात याला काय दिसतं.

जागा मिळाली की सुरू होतं टेन्युअरचं, म्हणजे नोकरी कायम होण्याचं, घड्याळ. सहाव्या वर्षी निर्णय लागतो. नाही म्हणाले तर एक शेवटचं वर्ष मिळतं आणि मग बाहेर. कादंबरीकाराकडून अपेक्षा असते ती नोकरीत रुजू झाल्यानंतर आलेल्या किमान एका पुस्तकाची, चांगल्या प्रकाशनाकडून. आता उलटं मोजत या. कागदपत्रं पाचवं वर्ष संपताना, उन्हाळ्यात बाहेरच्या परीक्षकांकडे जातात. तेव्हा पुस्तक हातात हवं, निदान छपाईत तरी. प्रकाशकाने स्वीकारल्यापासून पुस्तक येईपर्यंत दीड ते दोन वर्षं जातात. त्याआधी पुस्तक प्रकाशकांना विकणाऱ्या एजंटने सुचवलेले बदल आणि प्रकाशकांचे नकार यात सहा महिने ते वर्ष. म्हणजे पुरा, विकता येईल असा खर्डा तिसऱ्या वर्षाच्या आत तयार पाहिजे. नव्या गावात, नव्या नोकरीत, पहिल्यांदाच तयार करत असलेल्या कोर्सांच्या धबडग्यात तो कोऱ्या पानापासून तिसऱ्या वर्षापर्यंत होणं फार अवघड. टिकतात ते लोक बहुधा दुसरी कादंबरी अर्धी लिहून बरोबर घेऊन आलेले असतात. पहिली कादंबरी विकली गेल्यावर लगेच नोकरीचे अर्ज टाकण्यापेक्षा एक वर्ष थांबून दुसरी मार्गी लावावी, हा सल्ला मी आग्रहाने देईन.

वर्कशॉपचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खर्ड्यांवर चर्चा होते त्या वर्गाचं, ओझं बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याचे आकडे सांगतो. आठवड्यातून एकदा, अडीच-तीन तास, बारा विद्यार्थी, पंधरा आठवडे. ऐकायला हलकं वाटतं. प्रत्येक विद्यार्थी सेमिस्टरमध्ये दोनदा, दर वेळी वीस पानं देतो. चोवीस खर्डे, ४८० पानं. दुहेरी अंतराच्या पानावर अडीचशे ते तीनशे शब्द धरले तर एक लाख वीस हजार ते एक लाख चव्वेचाळीस हजार शब्द, म्हणजे एक जाडजूड कादंबरी, आणि तीही दोनदा वाचायची. पहिल्यांदा वाचक म्हणून सरळ, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. प्रत्येक खर्ड्याला एक पानभर पत्र लिहायचं, ते चारशे-पाचशे शब्द धरा. म्हणजे सेमिस्टरला दहा-बारा हजार शब्द तुम्ही इतरांच्या कथांविषयी लिहिलेत. यात शेवटच्या वर्षाच्या तिघा-चौघांचे प्रबंध, म्हणजे दीडशे-दोनशे पानांची हस्तलिखितं, अजून मोजलेली नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत प्रवेश-अर्ज येतात. सिरॅक्यूज विद्यापीठात कथालेखनाच्या सहा जागांसाठी सहाशे-सातशे अर्ज येतात, असं तिथे शिकवणाऱ्या जॉर्ज सॉन्डर्स यांनी लिहिलं आहे. ते वाचतात तिथले लेखकच.

तासांपेक्षाही जास्त नुकसान होतं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. वर्कशॉप शिकवताना डोकं सतत दोष हेरत असतं. इथे दृष्टिकोन घसरला, इथे संवाद माहिती पुरवायला ठेवलाय, इथे शेवट घाईने आला. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात हे सगळे दोष असणारच, आणि लिहिणाऱ्याला ते काही महिने सहन करावे लागतात. दुपारी बारा जणांचे दोष दाखवून आलेला माणूस रात्री स्वतःची दोन वाक्यं लिहितो आणि तीन खोडतो. म्हणून वर्कशॉपच्या दिवशी नवा मजकूर लिहू नये. लिहायचंच असेल तर सकाळी, विद्यार्थ्यांचं एकही पान उघडण्याआधी. शिकवण्याचे दिवस मंगळवार-गुरुवार असे जोडीने मागावेत. विभागप्रमुख साधारण वर्षभर आधी वेळापत्रक आखतात, त्यामुळे तेव्हाच सांगावं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पहिल्या फेरीची पत्रं साचतात आणि तेराव्यापासून पंधराव्यापर्यंत विद्यार्थ्यांच्या लेखनाचे अंतिम संच येतात. त्या काळात नवं प्रकरण सुरू करू नका. जुन्या पानांची दुरुस्ती, संदर्भ तपासणं, मुद्रितं वाचणं ही कामं तेव्हासाठी राखून ठेवा. दोष हेरणारं डोकं तिथे उपयोगी पडतं.

नवा मजकूर येतो तो उन्हाळ्यात. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तेरा-चौदा आठवडे मिळतात. आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला पाचशे शब्द, असे चौदा आठवड्यांत पस्तीस हजार. हिवाळ्याच्या सुट्टीत चार आठवड्यांत आणखी दहा. वर्षाला पंचेचाळीस हजार, म्हणजे नव्वद हजार शब्दांचा पहिला खर्डा दोन वर्षांत, तोही उन्हाळ्यातला कोर्स घेतला नाही तर. आणि इथेच पैशाची अडचण येते. पगार नऊ महिन्यांचा असतो. बारा हप्त्यांत वाटून घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, ती पहिल्याच महिन्यात मागून घ्यावी. नाहीतर जूनमध्ये हात आखडतो, माणूस उन्हाळ्याचा कोर्स घेतो आणि पस्तीस हजार शब्द गेले.

कोणता कोर्स मागायचा, हा मला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो. सेमिस्टरला दोन कोर्स असतील तर दोन वर्कशॉप घेऊ नका. एक वर्कशॉप आणि एक वाचनाचा कोर्स घ्या, ज्यात पूर्ण झालेल्या, काळाला पुरून उरलेल्या कलाकृती ओळीओळीने वाचायच्या. सॉन्डर्स यांनी दोन दशकं रशियन कथांचा असा वर्ग घेतला. ते कथाकारच म्हणून ओळखले जात होते. पहिली कादंबरी २०१७ मध्ये आली आणि तिला बुकर मिळालं, आणि २०२१ मध्ये त्या वर्गातल्या वाचनाचंच पुस्तक झालं. नाबोकोव्ह १९४८ ते १९५९ कॉर्नेलमध्ये होते. तिथे त्यांनी लेखन शिकवलं नाही, युरोपीय आणि रशियन साहित्य शिकवलं. व्याख्यानं लिहून काढलेली, म्हणून दर वर्षी नव्याने जुळवाजुळव करावी लागत नसे. त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी ‘लोलिता’ याच काळातली, बरीचशी उन्हाळ्यात फुलपाखरं पकडायला पश्चिमेकडे केलेल्या प्रवासांत लिहिलेली. ती अमेरिकेत १९५८ मध्ये खपली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. वाचनाच्या कोर्समध्ये शिकवण्यासाठी केलेली तयारी आपल्याच कादंबरीच्या कामी येते. तुमच्या कादंबरीत तीन पिढ्यांचा काळ असेल तर काळ हाताळणाऱ्या सात कादंबऱ्यांचा कोर्स आखा. हे विद्यार्थ्यांच्याही फायद्याचं आहे, कारण शिक्षक त्या प्रश्नात खरोखर गुंतलेला असतो.

वर्कशॉपच्या रचनेबद्दलही बोलायला हवं, कारण कादंबरीसाठी ती नीट बसत नाही. जुनी रीत अशी: हस्तलिखित आठवडाभर आधी वाटायचं, वर्गात त्यावर चाळीस-पन्नास मिनिटं चर्चा, आणि लेखकाने तोपर्यंत गप्प बसायचं. वीस पानी कथेला हे ठीक चालतं, सगळ्यांनी ती पुरी वाचलेली असते. कादंबरीचं पहिलं प्रकरण आणलं की प्रत्येक जण पुढच्या तीनशे पानांत येणाऱ्या गोष्टी आत्ताच मागतो. लेखक घाबरून त्या पहिल्या प्रकरणात कोंबतो. दुसऱ्या फेरीला तेच प्रकरण पुन्हा आणतो. दोन वर्षांनी त्याच्याकडे घासूनपुसून लखलखीत केलेली चाळीस पानं असतात आणि कादंबरी नसते. यावर उपाय आहेत. पहिला खर्डा पुरा होईपर्यंत वर्गात कादंबरी न आणणं हा एक. दुसरा, सहा जणांचा वेगळा कादंबरी-वर्ग ठेवणं. त्यात एक पूर्ण हस्तलिखित दोन आठवड्यांच्या मुदतीने वाचायचं, सोबत एक पानी रूपरेषा, आणि चर्चा फक्त रचनेची: कुठे वाचन मंदावलं, कोणतं पात्र हरवलं, काय दोनदा सांगितलं. वाक्यांवर बोलायला बंदी. विभागाला सहा जणांचा वर्ग परवडत नाही असं उत्तर येतं. तेव्हा बारा जणांच्या वर्गात अर्ध्यांनी एक सेमिस्टर, अर्ध्यांनी पुढच्या सेमिस्टरला हस्तलिखित द्यायचं असं वर्षभराचं नियोजन मांडावं.

लेखकाने गप्प बसण्याच्या नियमावर गेल्या काही वर्षांत बरीच टीका झाली आहे, आणि ती मला पटते. वर्गात बाकी सगळे एकाच संस्कृतीतले असतील तर खानदेशातल्या घरातली कथा लिहिणारी मुलगी पन्नास मिनिटं ऐकत राहते की आत्याला घरात इतका अधिकार कसा. चर्चेचा वेळ तिथेच संपतो. कथेतल्या खऱ्या अडचणीपर्यंत कोणी पोहोचत नाही. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांची चार टप्प्यांची पद्धत इथे चांगली लागू पडते. आधी प्रेक्षकांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग कलावंताने प्रश्न विचारायचे. मग इतरांनी ज्यांत स्वतःचं मत दडलेलं नाही असे प्रश्न विचारायचे. शेवटी, कलावंताची परवानगी असेल तरच, मतं मांडायची. तिसरा टप्पा सगळ्यांना जड जातो. ‘शेवट इतका गोड का केलास?’ हा प्रश्न नाही, मत आहे. ‘शेवटी वाचकाने कुठे असावं असं तुला वाटतं?’ हा प्रश्न. दोन-तीन आठवडे सराव लागतो, आणि त्यात शिक्षकाने टोकायलाच हवं.

गुण देताना प्रतिभेला गुण देऊ नयेत. वेळेवर दिलेले खर्डे, इतरांना लिहिलेली पत्रं आणि दुरुस्ती, या तिन्हींत गुण वाटावेत, दुरुस्तीला सगळ्यात जास्त. दुरुस्तीसोबत एक पान मागावं: काय बदललं, कोणती सूचना का नाकारली. नाकारण्याचं कारण नीट लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला लेखक होण्याची दिशा सापडलेली असते.

विद्यार्थ्याचा मजकूर आणि तुमची कादंबरी एकमेकींच्या जवळ आली तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा १९७४ पासून आहे, पण नैतिक बाजू कायद्यापेक्षा मोठी आहे. स्वतःच्या कादंबरीची तारीखवार टिपणं ठेवावीत. विद्यार्थ्याने तुमच्याच विषयावर काही आणलं तर त्याला तसं सरळ सांगावं आणि त्याचा प्रबंध दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावा.

पूर्ण वेळ विद्यापीठात राहायचं नसेल तर लो-रेसिडेन्सीचा मार्ग आहे. हा प्रकार एलन ब्रायंट व्हॉइट यांनी १९७६ मध्ये गॉडर्ड कॉलेजात सुरू केला. वर्षातून दोनदा दहा-दहा दिवस सगळे एकत्र, एरवी टपालाने, आता ईमेलने. शिक्षकाकडे तीन ते पाच विद्यार्थी, प्रत्येकाच्या लेखनाचे सेमिस्टरला पाचेक संच, प्रत्येक संचाला तीन-चार पानी उत्तर. संचांच्या तारखा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच ठरतात, त्यामुळे दर महिन्याला एक आठवडा विद्यार्थ्यांचा आणि तीन आठवडे कादंबरीचे, अशी सरळ वाटणी होते. पगार कमी असतो. घरात दुसरा पगार असेल, किंवा स्वस्त गावात राहत असाल, तर पहिल्या खर्ड्याच्या वर्षांसाठी याच्याइतकी चांगली नोकरी मला दुसरी दिसत नाही.

काहींना नोकरी सोडण्याची संधी मिळते. कथाकार रेमंड कार्व्हर सिरॅक्यूजला शिकवत होते. १९८३ मध्ये त्यांना पाच वर्षांसाठी दर वर्षी पस्तीस हजार डॉलरचं मानधन मिळालं, अट एकच, दुसरी नोकरी करायची नाही. त्यांनी राजीनामा दिला. उलट टोनी मॉरिसन १९८९ मध्ये प्रिन्स्टनला आल्या आणि नोबेल मिळाल्यावरही २००६ पर्यंत राहिल्या, लिहीतही राहिल्या. मॅरिलिन रॉबिन्सन यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या कादंबरीत चोवीस वर्षांचं अंतर आहे, १९८० आणि २००४, आणि त्यातला बराच काळ त्या आयोवात शिकवत होत्या. त्या चोवीस वर्षांचा दोष शिकवण्याला देणं मला चुकीचं वाटतं. दुसरीनंतर, नोकरी चालू असतानाच, २००८ आणि २०१४ मध्ये आणखी दोन आल्या.

ऑफर आली की सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्या. वर्षाला किती कोर्स, त्यांतली किती वर्कशॉप. पहिल्या वर्षी एक कोर्स कमी मिळेल का. तिसऱ्या वर्षाच्या आढाव्यानंतर एक सेमिस्टरची सुट्टी आहे का. टेन्युअरसाठी स्वीकारलेलं हस्तलिखित चालतं की छापलेलं पुस्तकच हवं. मराठीत प्रसिद्ध झालेली कादंबरी मोजली जाते का, आणि मोजली तर तिचे परीक्षक कोण शोधणार, हेही विचारा. व्हिसाचं आधी बोलून घ्या. विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याबाहेर असतात, त्यामुळे लॉटरीची वाट पाहावी लागत नाही. शुल्काचे नियम मात्र बदलत असतात, तेव्हा खर्च विद्यापीठ करेल हे पत्रात हवं. ग्रीन कार्डसाठी कॉलेज-शिक्षकांना मिळणारी खास सवलत निवड झाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत अर्ज केला तरच लागू होते. ही तारीख मनुष्यबळ विभाग स्वतःहून आठवण करून देईल असं धरून चालू नका, रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना ईमेल करा.